मोडलेला कान आणि न दिसणारा मार

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा धाराशिवला आला. श्री तुळजाभवानी स्टेडियमवर माती आणि गादी अशा दोन्ही विभागांच्या कुस्त्या झाल्या आणि अखेरच्या लढतीत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवून गदा उचलली. १९६१ साली महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले, तेव्हापासून मराठवाड्याचे या किताबाशी नाते आहे. मंडप उतरला, पण ते वारे पोरांच्या अंगात राहिले. कोणी तालीम धरली. कोणी तालुक्याच्या गावी निघालेल्या बॉक्सिंग, तायक्वांदो किंवा किकबॉक्सिंगच्या क्लासात नाव घातले.

मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावरही पालक भेटतात आणि अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : ‘सर, पोरगं बॉक्सिंगला जातो म्हणतंय. डोक्याला काही होणार तर नाही ना?’ कोणाच्या घरी पोरगी असते, कोणाकडे किकबॉक्सिंग असते, प्रश्न तोच. हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, इतिहासाच्या मास्तराचा नाही, असे वरवर वाटते. मला मात्र तो इतिहासाचाही वाटतो. डोक्याला बसणाऱ्या माराची किंमत माणसाला कशी कळत गेली, ती कळायला इतका उशीर का झाला, आणि कळल्यानंतरही खेळ चालवणाऱ्यांनी काय केले, हे पाहिल्याशिवाय त्या बापाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. या लेखात मी तेच पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बळाची गरज आणि बळाची हौस

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आमच्याकडे अंगातले बळ ही कधी नुसती हौस नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या धामधुमीत गावच्या तालमीतली पोरे ही गावाची राखण होती. मार खाऊन उभा राहणारा तो मर्द, ही कल्पना त्या दिवसांतून अंगात मुरलेली आहे.

आजची गरज वेगळी आहे, पण गरजच आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरती, सैन्य भरती ही कोरडवाहू शेतीच्या घरातली मोठी आशा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत कुस्तीबरोबर बॉक्सिंग, ज्यूदो, कराटे, तायक्वांदो यांसारखे खेळ आले, तेव्हा ज्या घरात कधी ग्लोव्ह्ज पाहिले नव्हते त्या घरातही हा विषय निघू लागला. ज्या खेळात जिल्ह्यात खेळाडू थोडे, त्यात प्रमाणपत्र लवकर मिळते, हा हिशेब पालकांना बरोबर कळतो. तो हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्या वहीत एक रकाना कोरा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जोड लावणारे पंच

उमरग्याच्या शिवेपलीकडे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मल्लांची वर्गवारी वय, अंगलट आणि ताकद पाहून कशी करावी, त्यांनी कोणता व्यायाम करावा, राजाने त्यांना कोणता खुराक पुरवावा, हे सगळे त्यात येते. आमचा मुलूख त्या राजधानीच्या अगदी जवळचा, म्हणून मला या प्रकरणाचे अप्रूप आहे. पण खरे महत्त्व वर्गवारीचे. कोणाला कोणाशी लढवायचे हे खेळ सुरू होण्याआधी ठरवायचे, ही समज इथे नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात आलेली होती.

जत्रेतल्या फडात आजही वजनकाटा असतोच असे नाही. पंच दोघांना हाताला धरून उभे करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, कोणत्या वस्तादाचा पट्ठा आहे विचारतात आणि मग ‘जोड’ लावतात. जोड बसत नसेल तर फड ओरडतो. या ओरडण्यात मोठे शहाणपण आहे. विषम जोड म्हणजे दुखापत, हे त्या गर्दीला ठाऊक असते.

तालमीला दुखापतीचे ज्ञान होतेच. निखळलेला खांदा, मुरगळलेला गुडघा, लचकलेली मान यांवर वस्तादाचा हात फिरे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव जितके व्यायामाचे आचार्य म्हणून, तितकेच हाडवैद्य म्हणून नावाजले होते. आखाडा आणि हाडवैद्यक ही एकाच घरातली भावंडे होती. आणि मोडलेला कान तर पैलवानाचा दागिना. घासून घासून कानाच्या पाळीत रक्त साकळते, ते तिथेच घट्ट होते आणि कान फुलकोबीसारखा होतो. कान पाहून माणूस किती वर्षे मातीत होता हे सांगता येते.

या सगळ्या ज्ञानाची एक मर्यादा आहे. ते दिसणाऱ्या जखमेचे ज्ञान आहे. सांधा सुजतो, हाड सरकते, कान मोडतो. हे डोळ्याला दिसते, बोटाला लागते. डोक्याला हादरा बसलेल्या पोराला मात्र सूज नसते, रक्त नसते. तोंडावर पाणी मारले की तो उठतो, लंगोट सावरतो आणि पुन्हा सलामी देतो. फडातली माणसे टाळ्या वाजवतात. आत काय झाले हे वस्तादाच्या हाताला कळण्याचा मार्गच नव्हता.

कुस्ती निर्धोक आहे का?

आमच्याकडे एक समज पक्का आहे : बॉक्सिंग डोक्यावर मारते, कुस्तीत ठोसा नाही, म्हणून कुस्ती निर्धोक. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा तपासून पाहावा लागतो.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंच्या दुखापतींची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. २००९ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या यादीत मेंदूच्या हादऱ्याचे, म्हणजे कंकशनचे, सर्वांत जास्त प्रमाण मुलांच्या कुस्तीत निघाले : खेळाडू दर १०,००० वेळा सरावाला किंवा लढतीला उतरला तर सुमारे ११ कंकशन. धसमुसळ्या अमेरिकन फुटबॉलचा आकडा तिथे ७ च्या आत होता. (महाविद्यालयीन बॉक्सिंग त्या यादीत नव्हते, ते का नव्हते, हे पुढे येईल.)

कारण कळायला अवघड नाही. पट काढायला खाली वाकून घुसताना डोके पुढे असते. समोरचाही तेव्हाच घुसला तर डोक्यावर डोके आपटते. ढाक किंवा कलाजंग बसली की माणूस उंचावरून येतो आणि मान आवळली नाही तर डोके आधी टेकते. तो अभ्यास गादीवरच्या कुस्तीचा आहे, आमच्या लाल मातीचा नाही; पण आमची पोरेही आता बहुतेक स्पर्धा गादीवरच खेळतात. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. मातीत वाढलेल्या या पोराने १९५२ साली हेलसिंकीला गादीवर कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून गादीकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

तरीही कुस्ती आणि ठोशांचे खेळ एका रांगेत बसत नाहीत. कुस्तीत डोक्याला मार लागतो तो अपघाताने. डाव जिंकायला त्याचा उपयोग नसतो. बॉक्सिंगमध्ये, किकबॉक्सिंगमध्ये डोक्यावरचा मार हाच गुण मिळवण्याचा आणि लढत संपवण्याचा मार्ग असतो. पैलवानाचे डोके एखाद्या डावात आपटते. बॉक्सरचे डोके रोजच्या सरावातही हलत असते. हा फरक पुढच्या सगळ्या विचाराचा पाया आहे.

ग्लोव्ह्जने काय झाकले

आधुनिक बॉक्सिंगचे नियम इंग्लंडमध्ये १८६७ साली क्वीन्सबेरीच्या नावाने आले. त्यांत ग्लोव्ह्ज सक्तीचे झाले, तीन मिनिटांच्या फेऱ्या ठरल्या, खाली पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठण्याची मुभा मिळाली. खेळ सुधारला असे सगळ्यांना वाटले, आणि तोंडावरचे रक्त खरोखरच कमी झाले. पण उघड्या मुठीने कवटीवर मारले तर मारणाऱ्याचेच हाड मोडते. ग्लोव्ह्जने ती मूठ वाचवली आणि डोक्यावर पुन्हापुन्हा मारणे सोपे केले. जखम कमी दिसू लागली आणि हादरे वाढले.

हादरा म्हणजे काय? सुमारे सव्वा ते दीड किलोचा मऊ मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन वळते. कवटी वळते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. या ओढीत मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. ओढ फार जोराची असेल तर मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीकडे जाणाऱ्या शिरा तुटतात आणि आत रक्त साचू लागते. रिंगमधले बहुतेक मृत्यू या रक्तस्रावाने होतात. धागे ताणल्याचे साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. स्कॅन रक्तस्राव शोधतो; हादरा लक्षणांवरून ओळखावा लागतो.

हे वैद्यकाने पहिल्यांदा नीट मांडले ते १९२८ साली. न्यू जर्सीचे शवविच्छेदनतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी ‘पंच ड्रंक’ या नावाचा लेख लिहिला. हा शब्द त्यांचा नव्हता, बॉक्सिंगच्या अड्ड्यांवरचा होता. न पिता झोकांड्या खाणारे, जीभ जड झालेले, विसराळू होत गेलेले जुने बॉक्सर तिथे सगळ्यांना माहीत होते आणि प्रेक्षक त्यांची नक्कल करून हसत. मार्टलँड यांनी त्या हसण्याला आजार म्हटले. १९३७ साली त्याला ‘डिमेन्शिया प्युजिलिस्टिका’, म्हणजे मुष्टियोद्ध्याचा स्मृतिभ्रंश, असे भारदस्त नाव मिळाले. पण किती जणांना होतो? खेळ चालवणारे म्हणत, चार-दोन दारुड्यांची गोष्ट आहे.

याचे उत्तर मोजणीने मिळाले. ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी १९२९ ते १९५५ या काळात परवाना घेतलेल्या १६ हजारांहून अधिक व्यावसायिक बॉक्सरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे काढली आणि २२४ जणांना तपासले. १९६९ साली निष्कर्ष आला. ३७ जणांच्या मज्जासंस्थेत बॉक्सिंगमुळे झालेला बिघाड दिसला, म्हणजे शंभरात सुमारे १७. ज्यांची कारकीर्द लांब आणि लढती जास्त, त्यांच्यात तो अधिक. १९७३ साली कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी मरण पावलेल्या १५ बॉक्सरांचे मेंदू तपासून आतल्या खुणा दाखवल्या. अड्ड्यावरच्या चेष्टेला आता आकडा मिळाला आणि पुरावाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात कोरियाचा डुक कू किम रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर व्यावसायिक बॉक्सिंगच्या एका मोठ्या संघटनेने किताबाची लढत १५ फेऱ्यांवरून १२ वर आणली. १९८४ साली मुहम्मद अली यांना पार्किन्सनसदृश विकार असल्याचे निदान झाले. त्यांच्या आजाराचे कारण फक्त ठोसेच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण साऱ्या जगाने एक चपळ जीभ मंद होत जाताना पाहिली. त्याच वर्षी ऑलिम्पिकच्या रिंगमध्ये डोक्याला टोप आला. टोपाने भुवई फुटणे कमी झाले. डोके वळायचे ते वळतच राहिले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांचा टोप काढून टाकला आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बिनटोपाचे लढले. टोप असावा की नसावा यावर तज्ज्ञांत वाद आहे. टोप मेंदूला वाचवत नाही, यावर फारसा वाद नाही. क्लासच्या जाहिरातीत टोप घातलेले पोर दाखवून ‘पूर्ण सुरक्षित’ लिहिलेले असते, तेव्हा हे आठवावे.

विद्यार्थ्याची लढत : मॅडिसन, १९६०

आतापर्यंतची गोष्ट पैशासाठी लढणाऱ्यांची झाली. आमच्या पालकांचा प्रश्न विद्यार्थ्याचा आहे. त्यांच्यासाठी मला १९६० ची एक घटना सर्वांत महत्त्वाची वाटते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९३० च्या दशकापासून बॉक्सिंग हा मानाचा खेळ होता. विस्कॉन्सिन विद्यापीठ त्यात सगळ्यांच्या पुढे. मॅडिसन इथल्या त्यांच्या क्रीडागृहात लढती पाहायला हजारोंनी लोक जमत. महाविद्यालयीन बॉक्सिंग वेगळे आहे, असे तिथे अभिमानाने सांगितले जाई. फेऱ्या तीनच, ग्लोव्ह्ज जाड, डोक्याला टोप, प्रशिक्षक सभ्य, मुले शिकणारी. चार्ली मोर हा त्या विद्यापीठाचा २२ वर्षांचा विद्यार्थी, आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. ९ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढतीत, आपल्याच विद्यापीठाच्या रिंगमध्ये, दुसऱ्या फेरीत त्याच्या डोक्यावर ठोसा बसला. पंचांनी लढत थांबवली. तो आपल्या पायांनी रिंगमधून उतरला. कपडे बदलायच्या खोलीत डोके दुखते म्हणाला आणि कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. १७ एप्रिलला तो गेला.

पुढे जे झाले ते मला अधिक विचार करायला लावते. मे महिन्यात विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठातले बॉक्सिंग बंद केले आणि पुढच्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धाच बंद झाली. वर उल्लेखलेल्या यादीत बॉक्सिंग नाही ते यामुळे. कोणी म्हणेल, एका मृत्यूने इतके घाबरायचे? पण तो मृत्यू सगळे नियम पाळून झाला होता. जोड योग्य होती, टोप होता, पंच जागे होते, डॉक्टर आणि रुग्णालय हाताशी होते. विद्यार्थ्यांचे बॉक्सिंग वेगळे आहे, हा त्या प्राध्यापकांचा आधार निघून गेला होता.

दुसरे टोक आपल्या शेजारी आहे. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका किकबॉक्सिंग स्पर्धेत मैसूरचा २३ वर्षांचा तरुण डोक्याला मार लागून कोसळला आणि दोन दिवसांत मरण पावला. स्पर्धेच्या जागी पुरेशी वैद्यकीय व्यवस्था नव्हती, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. मॅडिसनला सगळे होते तरी पोर वाचले नाही. मग जिथे काहीच नसेल तिथली गोष्ट काय सांगावी?

दुसरी बाजू

इथेच थांबलो तर लेख एकांगी होईल. हौशी बॉक्सिंगवर झालेले अभ्यास व्यावसायिकांइतके भयंकर चित्र दाखवत नाहीत. स्वीडनने १९७० साली व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली आणि हौशी चालू ठेवले. तिथे १९९० च्या दशकात जुन्या हौशी बॉक्सरांची फुटबॉलपटू आणि धावपटूंशी तुलना झाली. तीव्र, कायमच्या मेंदूविकाराची चिन्हे आढळली नाहीत. बोटांच्या हालचालींसारख्या काही चाचण्यांत जरा फरक दिसला. अमेरिकेत २०११ पासून लास व्हेगासच्या एका संस्थेत लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास चालू आहे. तिथे ज्यांच्या लढती आणि वर्षे जास्त, त्यांच्या मेंदूचे काही भाग लहान आणि विचारांचा वेग कमी, असे आढळले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की एक सूत्र हाती लागते. धोका मात्रेचा आहे. किती वर्षे, किती लढती आणि मुख्य म्हणजे सरावात रोज किती ठोसे. एखादे वर्ष जाळीच्या पिशवीवर हात चालवणारा, दोरीवरच्या उड्या मारणारा, पायांची ठेवण शिकणारा विद्यार्थी आणि आठवड्यातून चार दिवस पूर्ण जोराने समोरासमोर लढणारा विद्यार्थी, दोघेही ‘बॉक्सिंग करतात’. पण त्यांचा धोका एक नाही.

सैन्याचेही उदाहरण दिले जाते. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेटला बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरावेच लागते. भीतीवर पाय देऊन उभे राहणे हा त्यामागचा हेतू आणि तो मला समजतो. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटलाही ही सक्ती होती. तिथल्या तीन शैक्षणिक वर्षांतल्या कंकशनपैकी जवळपास पाचवा हिस्सा बॉक्सिंगच्या तासातला, असे २०१५ साली उघड झाले आणि वाद पेटला. सैन्यात जाणाऱ्याने जोखमीचा करार केलेला असतो. दहावीतल्या पोराने तो केलेला नसतो. अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली एकत्रितपणे सांगितले की मुलांनी आणि किशोरवयीनांनी बॉक्सिंग करू नये. ज्या खेळात डोक्यावर मुद्दाम मारले जात नाही तो निवडावा.

वहीतला कोरा रकाना

विद्यार्थ्याचा धोका दोन कारणांनी वेगळा मोजावा लागतो. पहिले, मेंदू हेच त्याचे भांडवल आहे. हादरा बसल्यावर काही दिवस किंवा काही आठवडे वाचलेले लक्षात राहत नाही, उजेड सहन होत नाही, चिडचिड होते. बारावीच्या फेब्रुवारीत हे झाले तर वाढीव गुणांसाठी केलेल्या खेळाने मूळ गुणच खाल्ले असे होते. दुसरे कारण अधिक गंभीर. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९ वर्षांच्या एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूची हकीकत प्रसिद्ध केली. मारामारीत त्याच्या डोक्याला मार लागला होता. तो पूर्ण बरा होण्याआधी पुन्हा मैदानात उतरला आणि फारसा मोठा धक्का नसताना मेंदूला सूज येऊन गेला. अशा घटना विरळ आहेत आणि त्यांच्या कारणांवर वाद आहेत, पण नोंदलेल्यांत तरुण खेळाडूच अधिक. त्यातूनच एक नियम रुजला : डोक्याला हादरा बसल्याची शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००९ साली शालेय खेळाडूंसाठी त्याचा कायदा केला आणि पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

२०२२ साली ॲम्स्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने क्रम सांगितला, तो तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणे नव्हे, हलके चालणे-फिरणे चालते. मग हळूहळू अभ्यास. अभ्यास पूर्ववत झाल्यावरच पूर्ण खेळ, तोही पायरीपायरीने, एका पायरीवर निदान एक दिवस थांबून, आणि अंगाशी अंग भिडवण्याआधी डॉक्टरांची परवानगी. बॉक्सिंगच्या नियमांतही डोक्याच्या माराने लढत थांबली तर किमान ३० दिवस रिंगबाहेर राहावे लागते. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हापुन्हा उलटी झाली, झोप अनावर झाली, एक बाहुली मोठी दिसली, झटका आला किंवा हातपाय लुळा पडला, तर वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय.

मला विचारणाऱ्या पालकांना मी आता ‘हो’ किंवा ‘नको’ सांगत नाही. त्यांनी क्लासला जाऊन चार प्रश्न विचारावेत असे सांगतो. समोरासमोरचा सराव आठवड्यातून किती वेळा, आणि त्यात डोक्यावर पूर्ण जोराने मारतात का? जोड कोण लावतो, वय, वजन आणि अनुभव पाहून की जो उभा असेल त्याच्याशी? गेल्या वर्षी किती पोरांना हादरा बसला आणि त्यांना किती दिवस घरी ठेवले? ‘एकालाही नाही’ हे उत्तर मला सगळ्यांत वाईट वाटते. त्याचा अर्थ बहुधा कोणी पाहिलेच नाही असा होतो. आणि चौथा : स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर कुठे असेल, रुग्णवाहिका कुठे असेल, आणि परंड्याहून किंवा उमरग्याहून मेंदूच्या शल्यविशारदापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? डोक्यात रक्त साचू लागले की तास मोजून हातात असतात.

याच्या जोडीला मी एक पर्यायही सुचवतो. ज्याला अंगात रग जिरवायची आहे, त्याच्यासाठी कुस्ती आहे, ज्यूदो आहे. हे खेळ निर्धोक नाहीत, पण त्यांत डोके हे लक्ष्य नसते. मान मजबूत करणे, पडायला शिकणे, डोके वर ठेवून पट काढणे हे आधी शिकवणारा वस्ताद मिळाला तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. आणि ज्याला फक्त गुण आणि नोकरी हवी, त्याने मर्दानी खेळ म्हणजे मारामारीचाच खेळ, हा हट्ट सोडावा. याच जिल्ह्याच्या सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी.

कल्याणीच्या राजाने मल्लांची वर्गवारी लिहिली, फडातले पंच खांदे बघून जोड लावत आले, वस्तादांनी सांधे बसवले. प्रत्येक पिढीने त्या त्या काळी जी दुखापत दिसत होती तिच्यासाठी नियम केला. आता न दिसणारी दुखापतही कळली आहे. १९२८ पासून जवळपास शंभर वर्षांत ती मोजली गेली आहे, तिच्यावरून विद्यापीठांनी खेळ बंद केले आहेत, राज्यांनी कायदे केले आहेत. आमच्या तालमींनी आणि क्लासांनी करायचा नियम एका ओळीचा आहे : डोक्याला लागलेले पोर त्या दिवशी पुन्हा सलामी देणार नाही. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. लागतो तो एवढाच धीर, की फड ओरडत असताना वस्तादाने पोराचा हात धरून त्याला हौदाबाहेर आणावे.